तोंड फिरवून

पिठाच्या गिरणीला लागून माझं केंद्र,
म्हणून कीबोर्डच्या फटीत कायम ज्वारीचं पीठ
आणि पासवर्ड सांगायचा तर ओरडूनच.
"तीन! तीन! शून्य! नऊ!"
"नऊ का सात?" गिरणीवाला आतून विचारतो.
त्यालाही सगळ्यांचे पाठ.

बारा वर्षं मी गावाची गुपितं टाईप केली.
निळ्या कव्हरच्या दोनशेपानी वहीत
डावीकडे नाव, उजवीकडे आकडे:
सुभान शहांची शेळी व्याली ती तारीख,
कोतवालाच्या विकून टाकलेल्या लुनाचा नंबर,
आणि गजानन बोबडे यांचा एक दोन तीन चार.
"एवढं सोपं ठेवलं का चोरालेच लाज वाटते."
माझा स्वतःचा? केंद्राचं नाव आणि वन टू थ्री.
आता सांगायला हरकत नाही, बदलला.

इथं दाराला कधी कुलूप नव्हतं.
कोयंड्यात तुरीची काडी खोचली
की माणूस वावरात गेलं, एवढाच अर्थ.
कुत्र्यालाही तो वाचता यायचा.
फोन आला तेव्हा आम्ही त्यालाही
काडीच लावली.

मग वैशाखात ती पत्रिका आली.
कागद नाही, कोपऱ्यांना हळदकुंकू नाही,
नुसती फाईल, खाली लिहिलेलं: यायचं हं नक्की.
वामन ढोकणे कंपाउंडरनं दाबून पाहिली.
नवरी कोणाची, नवरदेव कुठला, काही उघडलं नाही.
पण दिवस मावळेपर्यंत त्याच्या फोननं
आपल्या मनानंच चारशे बारा आवतनं धाडली,
ढाणकीच्या व्याह्यांना, दवाखान्यातल्या बाळंतिणींना,
दोन मेलेल्या माणसांनाही.
ज्यांनी ज्यांनी दाबली
त्यांच्या खात्यातून रात्री अडीचनंतर आहेर गेला.
सकाळी बँकेच्या पायरीवर अख्खं वऱ्हाड बसलेलं.
लग्न कोणाचं ते अजूनही कळलं नाही.

त्या रात्री वही चुलीत घातली.
लवकर पेटली नाही. पुठ्ठा दमट होता.
दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला सांगत सुटले,
नवा आकडा ठेवा, मला सांगू नका.
माणसं रागावली.
"आता तुह्यापासून का लपवाचं व?"
बोबड्यांनी पाच सहा सात आठ केला
आणि जाताना सांगून गेले.

अंजिराबाई मडावी शेवटी आली.
कापूस वेचून वेचून पुसलेला अंगठा,
मशीन त्याला ओळखत नाही,
म्हणून तिचं सगळं आकड्यांवर.
एक आठ शून्य आठ.
अठरा ऑगस्ट, तिची सुगंधा गेली तो दिवस.
महिन्यातून एकदा गिरणीच्या वर आवाज चढवून
ती ते ओरडायची आणि मी दाबायची,
दोघींची तोंडं हिशेबाची.

"बदलावा लागेल, बाई. सगळ्यांना माहीत आहे हा."
"मंग?" ती म्हणाली.
"ते तं सगळ्यायले माहीतच हाये."

गिरणी चालू होती. मी थांबले.
म्हटलं, तारीख कोणी नेत नाही, ती तुमचीच.
फक्त दारावरून काढून आत ठेवा.

"मंग कोणालेच नाही सांगाचं?"
"कोणालाच."
"तुले बी?"
"मला बी."
"अन् बँकवाल्यानं फोन केला तं?"
"विचारणारा बँकवाला नसतोच."

फोन तिच्या हातात दिला.
मी खुर्ची फिरवली.
भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर,
अजून मार्चवरच, कोणी उलटलं नव्हतं.
पाठीमागं एक टिक. दुसरी. तिसरी.
मग इतका वेळ काहीच नाही
की वळून पाहावंसं वाटलं.
नाही पाहिलं.
चौथी टिक.
नंतर तेच चार पुन्हा, मशीननं खात्री मागितली म्हणून,
या वेळी भराभर.

"झालं," ती म्हणाली.
पदराच्या आड हसत होती,
कमरेला काहीतरी खोचून घेतल्यासारखी.

गिरणी तेवढ्यात बंद झाली.
"किती?" आतून आवाज आला.
"ऐकू नाही आलं."